तीनदा लावलेला कौल

मंगळवार, अठरा नोव्हेंबर. वेळ सकाळी साडेदहा. ठिकाण माझ्या सासरच्या गावचं देऊळ, मालवणपासून रिक्षाने पाऊण तास.

हजर: गुरव, माझ्या सासूबाई, आमचे घरमालक, ज्यांना सगळे सर म्हणत, सरांची थोरली बहीण आक्का, आणि मी. गैरहजर: माझे यजमान. ते गोव्यात नोकरीला असतात आणि त्यांना रजा मिळाली नाही.

विषय: माझी फाईल देवाकडून परत घेणे.

निर्णय:

निर्णयापुढची जागा माझ्या वहीत कोरी आहे. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बैठकांचं इतिवृत्त लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि निर्णय कोरा सोडलेलं इतिवृत्त मी दुसरं कधी लिहिलेलं नाही. त्या दिवशी देवळात नक्की काय ठरलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. ज्यांना विचारलं असतं ते सर आता नाहीत. म्हणून जेवढं आठवतंय तेवढं लिहून ठेवते.

तारकर्लीच्या रस्त्याला सरांचं घर आहे. खाली ते आणि आक्का राहत. वरच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्याने. सर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाले आणि गावी आले. शिक्षक ते कधीच नव्हते, पण त्यांच्याशी बोलल्यावर प्रत्येकाला परीक्षा देऊन आल्यासारखं वाटे, त्यावरून सर हे नाव पडलं असावं.

प्रयोगशाळेत त्यांचं काम म्हणजे काचेच्या बश्यांमध्ये पेशी वाढवणं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला जो अस्तराचा थर असतो, त्या पेशी. त्या वाढवायच्या, त्यांच्यावर किरण सोडायचे आणि मग काय होतं ते बघायचं. एवढं मी त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात ऐकलं, कारण मी भाडेकरू म्हणून आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आधी काही आजार?" आणि मी सांगून टाकलं होतं की डाव्या स्तनात गाठ होती, शस्त्रक्रिया झाली, मग मुंबईला पाच आठवडे किरण घेतले, आता सगळं व्यवस्थित आहे. दुसरा घरमालक पाण्याची मोटर किती वाजता चालू होते ते सांगायला लागला असता. सर म्हणाले, "डावी बाजू. म्हणजे हृदयाच्या जवळून. लिहून ठेवतो."

आणि त्यांनी खरंच लिहून ठेवलं.

त्या बश्यांच्या कामाने त्यांच्या अंगात काही सवयी कायमच्या मुरल्या होत्या. उघड्या भांड्यावर ते कधी बोलत नसत. पेशींची बशी उघडी असताना बोललं तर तोंडातलं काहीबाही त्यात पडतं आणि महिन्याचं काम वाया जातं, म्हणे. आता बशीच्या जागी माशाच्या तिखल्याचं पातेलं होतं, पण नियम तोच. त्यांना काही सांगायचं असलं की ते आधी पातेल्यावर झाकणी ठेवत, मग आमटीवर, मग भातावर, आणि नंतर बोलत. तोवर आपण काय विचारलं होतं ते आपण विसरलेलं असे.

"ह्याका जेवताना बोलाक लावू नको गो," आक्का मला सांगायची. "अर्धो तास झाकणा घालण्यात जाता. निवला मगे माकाच सांगता, आमटी थंड आसा."

लोणच्याच्या बरण्यांवर तारीख असे, कैऱ्या कुठल्या झाडाच्या ते असे आणि शेवटचा चमचा कोणी घातला तेही असे. एकदा एका बरणीवर बुरशी आली तेव्हा त्यांनी नोंद बघून आक्काला सांगितलं की चमचा तिचाच होता. आक्का दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस त्यांनी भांड्यांवर झाकण न ठेवता सुखाने जेवून घेतलं.

कुठलीही गोष्ट ते तीनदा मोजत. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं ते तीनदा. माझं वीजमापक तीनदा. कारण विचारलं की म्हणत, "एकदा मोजणं म्हणजे बघणं. दोनदा मोजणं म्हणजे भांडण. तिसऱ्यांदा मोजलं की निदान बहुमत होतं."

मला हा माणूस आवडायचा, कारण मीही वहीवाली. पण माझ्या याद्यांतलं काम झालं की मी त्यावर रेघ मारते. सर कधीच रेघ मारत नसत. झालेल्या कामासमोर ते तारीख घालून लिहीत, "पुन्हा बघणे."

दिवाळीनंतर आक्का खळं करून घ्यायची. पावसाने उखणलेलं अंगण खणायचं, चोपण्याने चोपून सपाट करायचं आणि शेणाने सारवायचं. एका वर्षी सरांनी मला त्या सारवलेल्या खळ्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "बघा. तुमच्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असं सारवण असतं. जाडी किती? एका पेशीची. फक्त एक. पण रक्त त्याच्यावरून वाहतं म्हणून चिकटत नाही, गोठत नाही. नळी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, हे तोच थर सांगतो. कोणाला भिंतीतून आत सोडायचं, कोणाला नाही, तेही."

मला पटकन समजलं. मी तसं म्हणाले.

"समजलं असेल तर चुकलं," सर म्हणाले. "शेण मेलेलं असतं, पेशी जिवंत असते. शेणाला भेग पडली तर दिसते. पेशीला काय झालं ते दिसत नाही. आणि खळं दर वर्षी नवं करता येतं. म्हणजे हे उदाहरण तीन ठिकाणी मोडतं. सोडून द्या."

उदाहरण द्यायचं आणि लगेच मोडायचं, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे त्यांच्याशी बोलून उठताना मला बसतानापेक्षा नेहमी कमी कळलेलं असे.

आता त्या पायऱ्यांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमच्या खोल्यांना बाहेरून चौदा पायऱ्यांचा जिना आहे. देवळात गेलो त्या वर्षी गणपतीनंतर एका संध्याकाळी मी कार्यालयातून आले तेव्हा सर जिन्याशी वही घेऊन उभे होते.

"तुम्ही नवव्या पायरीवर थांबता," ते म्हणाले. "सोमवारी थांबलात, मंगळवारी थांबलात, आज थांबलात. मागच्या वर्षी थांबत नव्हता."

"वय झालं, सर. पिशवी जड असते."

"पिशवी मंगळवारी नव्हती."

मला राग आला. आपण जिना चढताना कोणी मोजत बसलंय हे कोणत्या बाईला आवडेल? पण पिशवी मंगळवारी खरोखरच नव्हती. मी त्यांना विचारलं की त्यांना काय वाटतं. सर पहिल्या पायरीवर बसले. झाकण ठेवायला भांडं नव्हतं, म्हणून हात मांडीवर ठेवले.

"पहिलं हे लिहा," ते म्हणाले. "किरणांनी तुम्हाला वाचवलं. ते घेतले हे बरोबरच केलं. हे सगळ्यात वर लिहा, म्हणजे पुढचं वाचताना घाबरणार नाही. दुसरं. किरण गाठीवर सोडतात, पण वाटेत जे असतं त्यालाही थोडे लागतात. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या काही पेशी लगेच मरतात. काही मरत नाहीत. त्या तिथेच बसून राहतात, पण बिघडतात. चिकट होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना येऊन चिकटतात, भिंत सुजते, नळी पूर्वीसारखी सैल होत नाही. मग हळूहळू भिंत जाड होते. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. दहा, पंधरा. बाई विसरून जाते, डॉक्टर बदलतो."

"म्हणजे मला तसं झालंय?"

"मी कसं सांगू? मी बश्या बघितल्या आहेत, माणसं नाही. तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि किरण घेतल्याचं सांगा. न विचारता सांगा."

मी कुडाळला गेले. डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगितलं. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "हे सांगितलंत ते चांगलं केलंत. किरण किती दिले, कोणत्या कोनातून दिले, हृदयाला किती लागले असतील, त्याचा एक कागद उपचार संपताना देतात. तो आणा. त्यावरून पुढची तपासणी कुठली आणि किती घाईने, हे ठरवू."

तो कागद फाईलीत होता. मी स्वतः लावला होता, अनुक्रमांक घालून. माझ्या घरातला एकही कागद हरवलेला नाही. फाईलही हरवलेली नव्हती. ती देवाकडे होती.

उपचार संपवून मी सासरच्या गावी आले तेव्हा सासूबाईंनी ती फाईल लाल कापडात बांधून देवळात नेली होती आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून देवाच्या पायाशी ठेवली होती. दुखणं त्याच्याकडे सोपवलं, आता ते घरात येणार नाही. तेव्हा मी अशक्त होते, काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं होतं. आयुष्यात एकदाच मी एखादी फाईल दुसऱ्याच्या ताब्यात देऊन पोच घेतली नव्हती.

सासूबाई परत आणायला तयार नव्हत्या. "दुखणा थंय ठेवलंय मी," त्या म्हणाल्या. "ता घरात आणूचा नाय. कागद आणलंस की त्याच्या वांगडा ताय येतला."

त्यांच्याशी बोलायला सर स्वतः माझ्या सासरच्या गावी आले. मला वाटलं होतं, पेशींचं व्याख्यान देतील. पण ते ओसरीवर बसले, पाण्याचा तांब्या झाकला आणि मालवणीत म्हणाले, "वयनी, दुखणा थंयच ऱ्हवांदे. माका तेचो पत्तो फकत होयो. खंयच्या वाटेन इला आणि खंय खंय पाय ठेवल्यान, ता त्या कागदार लिवलेला आसा."

सासूबाईंनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाल्या, "देवाक विचारूया. तो देयत तर न्हेवा."

म्हणून आम्ही पाचजण त्या मंगळवारी देवळात जमलो.

गुरवाने कौल लावायची तयारी केली. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची आधी पडली तर नकार. सर हे सगळं चष्मा पुसून बघत होते. पाकळ्या सारख्याच आकाराच्या आहेत का, पाणी दोन्हीकडे सारखंच लावलं का, हे त्यांनी अदबीने विचारलं. गुरवाने अदबीने दुर्लक्ष केलं.

मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे इनंती केलेली आसा. तेच्या दुखण्याचे कागद तेच्या सासूयेन तुझ्याकडे ठेवल्यान. तू तेका सांभाळलंस, उभा केलंस. आता दागतर ते कागद मागता. ते न्हेवक तुझी रजा आसात तर उजवी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. सरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पाच-सात मिनिटं गेली असतील. उजवी पाकळी पडली.

सासूबाईंनी हात जोडले. आक्काने माझ्या पाठीवरून हात फिरवला. गुरव आत फाईल काढायला वळला. मला ते लाल कापड दिसतही होतं. आणि सर म्हणाले, "थांबा. अजून दोनदा लावा."

गुरव वळला. "सरानूं, देवान रजा दिल्यान. आता कित्याक?"

"दिली म्हणूनच. मला जे हवं होतं तेच उत्तर आलं. अशा वेळी परत विचारावं लागतं."

"देवाक तुमी काय शाळेतलो पोरगो समजलास? तोच पाढो तीन खेपे म्हणूक लावतास तो?"

"तसं नाही. नाही म्हणाला असता तरी मी तीनदाच म्हणालो असतो."

मी त्यांना हळूच म्हणाले, "सर, राहू दे. मिळतेय ती घेऊया." त्यांनी ऐकलं नाही. पण सासूबाईंनी ऐकलं, आणि माझी घाई त्यांना आवडली नसावी. त्या गुरवाला म्हणाल्या, "लाय परत. देवाचा खरा आसात तर परत तोच सांगात."

दुसऱ्यांदा डावी पडली.

तिसऱ्यांदा दोन्ही पाकळ्या तशाच राहिल्या. आम्ही तासभर बसलो. आक्काचे गुडघे दुखायला लागले, रिक्षावाल्याने बाहेरून दोनदा हाक मारली. शेवटी गुरवाने पाणी शिंपडून पाकळ्या काढल्या आणि म्हणाला, "पयलो उजवो, दुसरो डावो, तिसरो इलोच नाय. आता देवाच्या मनात काय आसा ता माका सांगाक येवचा नाय. फाईल हलवूची नाय."

मी सरांकडे बघितलं. ते वहीत लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. निष्कर्ष नाही."

रिक्षा अर्ध्या रस्त्यावर आली. मग आक्का बोलली. "बाईच्या जिवार तू मोजणी करतंस? पयल्या खेपेक घेवन गप ऱ्हवलो असतंस तर काय झाला असता?"

मी म्हणाले, "सर, छाती माझी आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले.

आणि थोड्या वेळाने, बाहेर बघत, त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांनी एकदा पेशींवर किरण सोडले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, पेशी छान चिकटून बसलेल्या, जागच्या जागी. त्यांना तेच हवं होतं, कारण सुट्टीवर गावी यायचं होतं. त्यांनी 'परिणाम नाही' असं लिहिलं, बश्या धुऊन टाकल्या आणि गाडी पकडली. त्यांच्याबरोबरच्या एका बाईंनी त्याच प्रयोगाच्या आपल्या बश्या ठेवल्या होत्या. सर परत आले तेव्हा त्या बाईंनी त्यांना बोलावून दाखवलं. पेशी तेवढ्याच होत्या, पण पसरून मोठ्या, चपट्या झालेल्या. एकही नवी होत नव्हती.

"मेल्या नव्हत्या," सर म्हणाले. "म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी जिवंत म्हणून मोजल्या. तो माझा कागद त्याआधीच पुढे गेला होता. कोणी वाचला, कोणी त्यावर काय ठरवलं, मला कधी कळलं नाही."

आक्काने पदर डोक्यावरून घेतला. तिला ही गोष्ट आधी माहीत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

मला त्या क्षणी काय वाटायला हवं होतं? माणूस खरा होता, हे दिसत होतं. आणि त्या खरेपणापायी माझ्या हाताला लागलेली फाईल गेली होती, हेही दिसत होतं. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहून बघितल्या. बेरीज होत नाही.

पुढच्या आठवड्यात सर माझ्याबरोबर कुडाळला आले. डॉक्टरांना त्यांनी आम्हाला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. डावी बाजू, पाच आठवडे. डॉक्टरांनी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली. ती काठावर आली. वाईट नाही, चांगलीही म्हणता येत नाही. "पुन्हा करू," डॉक्टर म्हणाले, तेव्हा सरांचा चेहरा उजळला. मला गोळ्या सुरू झाल्या. "आणि तो कागद मिळवाच," डॉक्टर म्हणाले.

सर पुढच्या श्रावणात गेले. दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठले नाहीत. आक्का चार वाजता चहा घेऊन गेली तेव्हा तिला कळलं. ती मला हाक मारायला जिना चढून आली, आणि वर पोचल्यावर पहिलं वाक्य म्हणाली ते असं: "तीनदा हाक मारलंय गो."

सरांचे दिवस झाल्यावर मी एकटी गुरवाकडे गेले. परत कौल लावता येईल का विचारलं. गुरव म्हणाला, "प्रश्न तुझो, पण तीन खेपेचा बोलणा तेंचा. तिसरी खेप अजून उघडीच आसा. ती आता कोणी पुरी करूची? माका कळणा नाय." त्याला खरंच कळत नव्हतं. तो मला टाळत नव्हता.

शेवटी मी मुंबईच्या हॉस्पिटलला फोन केला, जो आधीच करायला हवा होता. जुने कागद गोदामात असतात. अर्ज टपालाने पाठवा, शोधून प्रत देऊ, असं एका मुलीने नीट समजावून सांगितलं आणि अर्जाचा नमुना पाठवला. नाव, वय, उपचाराचं वर्ष, कोणता कागद हवा, सगळं भरलं. शेवटचा रकाना आहे, 'प्रत मागण्याचे कारण'.

माझ्यासारखीने दिवसात असे पन्नास रकाने भरले आहेत. 'पुढील उपचारासाठी' असं लिहिलं की काम होतं. पण गोळ्या चालू असल्या तरी मी आजारी आहे हे अजून कोणी सांगितलेलं नाही. तसं लिहून दिलं तर ते मीच सांगितल्यासारखं होईल, आणि सासूबाई हल्ली आमच्याकडेच राहतात, त्या मी काय लिहितेय ते रोज विचारतात. 'माहितीसाठी' लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल. आमच्या कार्यालयात मीच असे अर्ज बाजूला ठेवते. दोन्ही शब्द पेन्सिलीने लिहून खोडले आहेत. टपाल चारला निघतं. नमुना आल्यापासून आज तिसरा सोमवार, आणि अर्ज अजून टेबलावरच आहे.